२००८ च्या बॅचची माहिती गोळा करताना

शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र अधिविभागातून २००८ साली एम.एस्सी. झालेल्या आमच्या बॅचची माहिती जमवायचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. मी इचलकरंजीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, कोल्हापूरला जाणं-येणं असतं आणि वर्गातल्या बऱ्याच जणींशी बोलणं टिकून आहे, म्हणून सगळ्यांनी मलाच पुढं केलं. हातात एक तक्ता होता. नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, सध्याचं पद, संस्थेचं नाव, वार्षिक उत्पन्न, मोबाइल नंबर. ज्यांनी कधी नॅकच्या, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, फायली तयार केल्या आहेत त्यांना हा तक्ता तोंडपाठ असेल. नॅकच्या मूल्यांकनात पाचवा निकष विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा असतो. नोकरी किती जणांना लागली, पुढे कितीजण शिकले, नेट-सेट-गेट कितीजणांनी काढली, माजी विद्यार्थ्यांनी काय हातभार लावला, हे सगळं त्यात येतं. प्रत्येक आकड्यामागं कागद लागतो, नेमणूकपत्र नाहीतर ओळखपत्र. त्या कामाला हा तक्ता बरोबर आहे.

आम्हाला मात्र त्याबरोबर एक पुस्तिकाही करायची होती. आज अधिविभागात शिकणाऱ्या पोरापोरींच्या हातात देता येईल अशी. आपल्या आधीची माणसं इथून बाहेर पडल्यावर कुठं गेली, कशी गेली, मध्ये काय अडलं, हे त्यांना आपल्याच भाषेत वाचायला मिळावं एवढीच इच्छा. आमच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं ते पहिलंच माणूस होतं. एम.एस्सी. म्हणजे नेमकं काय, हे आईवडिलांना समजावून सांगता सांगता दोन वर्षं संपली.

विद्यापीठाचं कार्यक्षेत्र आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा असं तीन जिल्ह्यांचं आहे. १९६२ साली स्थापना झाली तेव्हा सोलापूर आणि रत्नागिरीही त्यात होते, आणि त्याआधी या भागातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. डॉ. अप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. सागरमाळावरच्या त्या आठशेहून जास्त एकरांच्या माळरानावर विद्यापीठ उभं राहिलं नसतं तर आमच्यातल्या कितीजणांच्या घरच्यांनी पुण्याचा खर्च झेपवला असता, हा हिशेब मी मनात अनेकदा केलाय. मुलींच्या बाबतीत तर उत्तर सरळ आहे. माझ्या वडिलांनी मला पुण्याला पाठवलं नसतं. कोल्हापूर एस.टी.च्या पासावर होत होतं, म्हणून मी शिकले.

होस्टेलवर आमच्यात कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. आजऱ्याची, शिराळ्याचा, विट्याचा, निपाणीची. इथंही मी त्याच नावांनी लिहिते. पुस्तिकेत त्यांची खरी नावं आहेत, ती त्यांनी तिथं छापायला दिली आहेत.

तक्ता मी ग्रुपवर टाकला. त्याच रात्री भरून आले ते ठरावीक जण: हैदराबादला औषध कंपनीत मॅनेजर झालेला, एका अनुदानित कॉलेजात कायम झालेली आणि दक्षिण कोरियात संशोधन करणारा. त्यानंतर ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा नेहमीसारख्या चालू राहिल्या, पण तक्ता कुणी उघडेना. आठवण केली की अंगठा यायचा. शेवटी मी फोन करायला घेतले.

आजऱ्याच्या मैत्रिणीला पहिला फोन केला. ती वर्गात माझ्या पुढच्या बाकावर असायची. "माझं काय लिहिणार? काय नाही बघ, घरीच असते मी," असं म्हणाली आणि माझ्याच पोरांची चौकशी करायला लागली. मागून यंत्राचा आवाज येत होता. हे काय चालू आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, काजूचं युनिट आहे गं, सासऱ्यांनी घातलेलं, आता मी बघते. मग तासभर ती बोलत होती. आजरा-चंदगडकडं काजू भरपूर. बी वाफवायची, कटरवर फोडायची, गर ड्रायरमध्ये वाळवायचा, वरची लाल साल काढायची, मग आकारानं वेगळे करायचे. २४० नंबर म्हणजे मोठा गर, ३२० त्याहून लहान; एका पौंडात साधारण किती गर बसतात त्यावरून हे नंबर पडतात. गरात ओल राहिली की माल खराब होतो, आणि जास्त वाळवला की तुकडा पडून भाव उतरतो. ओल पाच टक्क्यांच्या आत हवी. आधी बायका गर दातांखाली धरून सांगायच्या, वाळला की नाही. हिनं एक छोटा ओव्हन आणि बऱ्यापैकी तराजू आणला. रोज प्रत्येक घाण्यातले थोडे गर कुटून वजन करते, ओव्हनमध्ये ठेवते, परत वजन करते, फरक वहीत लिहिते. "लॉस ऑन ड्राइंग. ॲनालिटिकलच्या पहिल्या महिन्यात केलेलं आपण. आठवतंय का?" हे तिनं विचारलं तेव्हा तिच्या आवाजात जी उभारी होती ती "घरीच असते" म्हणताना नव्हती. तिच्या हाताखाली गावातल्या वीसेक बायका काम करतात.

त्या फोननंतर मी पद विचारणं बंद केलं. सगळ्यांना एकच विचारायचं ठरवलं: २००८ च्या जूनपासून क्रमानं सांग, वर्षावर्षानं. कुठलंही वर्ष सोडायचं नाही. आणि जे वर्ष रिकामं वाटतं त्या वर्षी घर कशावर चाललं तेही सांग.

एवढ्या बदलानं सगळं मोकळं झालं. "सध्या काय करतोस" या प्रश्नाला माणूस कडेकडेनं उत्तर देतो, कारण समोरचा आपल्याला मोजतोय हे त्याला कळतं. क्रमानं सांगायला बसला की तो स्वतःच आठवायला लागतो. मध्येच थांबून बायकोला विचारतो, आपण लोट्याला खोली कधी घेतली गं? वर्षं पुढंमागं होतात, मग मी विचारते, थोरली कधी झाली तुझी? त्यावरून वर्ष सापडतं. शेतकऱ्यांच्या घरात तर पावसावरून सापडतं. २०१९ च्या महापुराआधी की नंतर, हा प्रश्न आमच्या भागात कुठल्याही कॅलेंडरपेक्षा पक्का आहे. शिरोळ तालुक्यातल्या एकीनं सांगितलं की पाणी चढायला लागल्यावर तिनं सगळ्यात आधी प्रमाणपत्रांची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकली, भांडीकुंडी नंतर. नोकरी सोडून तेव्हा तिला सहा वर्षं झाली होती. पूर ओसरल्यावर, घराची पडझड निस्तरून, तिनं तीच फाइल घेऊन बी.एड.ला अर्ज केला. आज ती माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तक्त्यात तिच्या नावापुढं नुसतं "शिक्षिका" आलं असतं.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाले बहुतेक औषध कंपन्यांत गेले. लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ, तारापूर ही नावं आम्हाला तिथल्या केमिकल झोनमुळंच माहीत झाली. पहिला पगार सहा-सात हजार, एका खोलीत चौघं, महिन्यातून एकदा घरी. आमची बॅच बाहेर पडली आणि दोन-तीन महिन्यांत जगभराच्या मंदीची बातमी आली, त्यामुळं कायम करण्याचं लांबत गेलं. क्वालिटी कंट्रोलला लागलेल्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, ती मी पुस्तिकेत ठळक छापली आहे: एचपीएलसी हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र वर्गात पुस्तकातून वाचलं होतं, नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याची कॉलम नावाची नळी हातात घेताना भीती वाटली. ज्यांनी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये स्वतः उपकरण चालवलं होतं ते दोन-तीन महिन्यांत पुढं गेले. आजच्या पोरांनी प्रोजेक्ट निवडताना हे लक्षात ठेवावं असं त्यांचं आणि माझंही ठाम सांगणं आहे.

एका माणसाला मात्र भेटायलाच जायचं ठरवलं. तो कागलचा, वर्गात मागं बसणारा, फार न बोलणारा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे एवढंच माहीत होतं. फाउंड्रीत केमिस्ट काय करतो याची मलाही नीट कल्पना नव्हती. कोल्हापूर ओतकामासाठी देशभर ओळखलं जातं, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा वसाहती आमच्या उशाला आहेत, आणि केमिस्ट्री शिकून आम्ही नोकरी शोधायला सहा तासांच्या अंतरावर गेलो.

त्यानं मला हेल्मेट दिलं आणि लॅबच्या दारात उभं केलं. समोर इंडक्शन फर्नेस, विजेवर चालणारी भट्टी. कामगारानं लांब दांड्याच्या पळीनं थोडं मेटल काढलं आणि तांब्याच्या छोट्या साच्यात ओतलं. तांबं उष्णता झटकन ओढून घेतं, म्हणून तो तुकडा क्षणात गोठतो आणि आतून पांढरा होतो. स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राला, तसाच लागतो. पाण्यात बुडवून, चिमट्यात धरून एक पोरगा तो पळत लॅबमध्ये घेऊन आला. जाड नाण्याएवढा तुकडा. माझ्या मित्रानं तो पट्ट्यावर घासून सपाट केला, यंत्रावर ठेवला, झाकण लावलं. आत आरगॉन सुरू झाला, ठिणगी पडल्याचा कर्रर्र आवाज आला आणि मिनिटाच्या आत पडद्यावर आकडे उमटले. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस. त्यानं फोन उचलला आणि म्हणाला, "सिलिकॉन कमी आहे, फेरोसिलिकॉन टाका," आणि किती किलो तेही लगेच सांगितलं. किती हे त्यानं मनात काढलं होतं, भट्टीत मेटल किती टन आहे त्यावरून. पाच-सात मिनिटांनी दुसरा तुकडा आला. आकडे जुळले तसं त्यानं "सोडा" म्हटलं आणि तिकडं भट्टी वाकली.

"तू उशीर केलास तर?" मी विचारलं. "मेटल गरम ठेवायला वीज जळते. आणि चुकीचं सोडलं तर सगळी हीट, म्हणजे भट्टीतलं एका वेळचं मेटल, भंगारात." हे सांगताना तो पुढचा तुकडा घासत होता. पंधरा वर्षांत त्यानं तीन फाउंड्र्या बदलल्या, सुरुवातीला रात्रपाळीत सॅम्पल घासायचंच काम केलं, आज चार जणांची लॅब सांभाळतो. घरी आईवडील, शेती, दोन म्हशी. सकाळी धार काढून कामावर येतो. विद्यापीठाच्या मुख्य दारापासून ही लॅब दुचाकीवर पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि आमच्या दोन वर्षांत तिचा उल्लेख माझ्या कानावर एकदाही आला नव्हता. पुस्तिकेत सगळ्यात मोठी नोंद त्याची आहे. त्याला ते आवडलं नाही, कमी कर म्हणाला. मी नाही केली.

साखर कारखान्यात गेलेले तिघं. हंगामात लॅब केमिस्ट, रसात विरघळलेले घन पदार्थ (ब्रिक्स) आणि साखर (पोल) किती ते काढणारे, हंगाम संपला की निम्म्या पगारावर घरी. त्यातल्या एकानं मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधला कोर्स केला आणि तो आज मॅन्युफॅक्चरिंगला वर चढलाय. बाकी दोघांनी हंगामाबाहेरचे महिने शेतीला दिले आणि त्यांना ते पटलेलं आहे.

कोरियातल्या मित्राबद्दल लोकांना कुतूहल असतं. आमच्या शेजारच्या पदार्थविज्ञान अधिविभागातून आणि आमच्याकडूनही पीएच.डी. झालेली कितीतरी माणसं दक्षिण कोरियाला गेली, कारण थिन फिल्मचं काम. महागडी यंत्रं नसताना बीकरमधल्या द्रावणात काचपट्टी उभी ठेवून तिच्यावर पदार्थाचा पातळ थर बसवायचा, ही पद्धत कोल्हापुरात वर्षानुवर्षं चालत आली आणि सोलर सेल, सुपरकपॅसिटरच्या संशोधनात तिला मागणी आली. आमचा मित्र ग्वांगजूला आहे. बाहेरून सगळं चकचकीत दिसतं. त्यानं क्रमानं सांगितलं तेव्हा दरवर्षी नवा होणारा करार, मराठी बोलायला शिकण्याआधी कोरियन बोलायला लागलेली मुलगी आणि इथं परतायचं तर कुठल्या पदावर, हा दर उन्हाळ्यातला प्रश्न, हे सगळं आलं. त्याला ते छापायला काहीच अडचण नव्हती. उलट म्हणाला, पोरं मला मेसेज करून फक्त स्टायपेंड विचारतात, हे वाचू देत त्यांना.

आता तासिका तत्त्वाबद्दल. हे लिहिताना मला त्रास झाला आणि अजून होतो.

आमच्या बॅचमधले पाचजण पंधरा वर्षांहून जास्त काळ कॉलेजांत शिकवताहेत आणि कायम नाहीत. सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्याची पात्रता परीक्षा, काढलेली माणसं आहेत ही, दोघांची पीएच.डी. झालीय. तासाला ठरलेला दर. शिकवलं त्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, मे महिना कोरडा. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, त्याच कॉलेजात, त्याच विषयाला. शिराळ्याचा मित्र सकाळी एका गावच्या कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात शिकवतो, मधलं अंतर मोटारसायकलवर, डबा झाडाखाली. वर्गात आमच्यात सगळ्यात छान शिकवणारा तो. सेमिनारला त्यानं स्टिरिओकेमिस्ट्री समजावली होती ती मी आजही बारावीच्या पोरांना त्याच्याच पद्धतीनं, दोन हातांचे पंजे एकमेकांवर ठेवून दाखवते. कायम जागेच्या मुलाखतीला तो अनेक ठिकाणी गेला. एका ठिकाणी त्याला विषयातलं काही विचारलंच नाही. काय विचारलं ते त्यानं मला सांगितलं आणि ते छापू नको म्हणाला.

सुरुवातीला त्यानं नोंदीत "सहायक प्राध्यापक" एवढंच लिहायला सांगितलं. मी तसंच लिहिलं. गावात, सासुरवाडीत, पोरांच्या शाळेत त्याला सगळे "सर" म्हणतात आणि त्यामागचं अधांतर त्याला जगापुढं मांडायचं नव्हतं. तो त्याचा हक्क आहे. प्रत्येकाची नोंद मी छापण्याआधी फोनवर वाचून दाखवत होते, तशी त्याचीही दाखवली. ऐकून तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. "त्यात तासिका तत्त्वावर असं घाल. आणि वर्षं घाल, २०१० पासून. माझ्या वर्गातली पोरं सेट काढली की झालं असं समजतात. मीच त्यांना शिकवतो आणि मीच त्यांच्यापासून लपवतो, हे बरोबर नाही." मग त्यानं महिन्याचा हिशेबही दिला. दुधाचे किती येतात, तासांचे किती येतात, शिकवणीचे किती. तो हिशेब पुस्तिकेत त्याच्या नावानिशी आहे. त्याची नोंद वाचून बाकी चौघांपैकी तिघांनी आपापली नोंद बदलून घेतली. चौथीनं नाही बदलली, आणि मी तिला त्याबद्दल विचारलं नाही.

स्पर्धा परीक्षेचंही असंच. एकजण विक्रीकर निरीक्षक झाला, त्याचे सत्कार झाले, बॅनर लागले. विट्याचा मित्र त्याच्याच खोलीवर पुण्यात सदाशिव पेठेत राहून अभ्यास करायचा. त्याची निवड दोनदा दोन-चार मार्कांनी हुकली. २०१६ साली खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ झाली. सगळ्यांना आनंद झाला, त्यालाही झाला. आज तो म्हणतो की त्या निर्णयानं त्याची आणखी तीन वर्षं पुण्यात गेली, कारण दार उघडं दिसत असताना उठून जायला मन तयार होईना. २०१९ मध्ये वडिलांच्या आजारपणात गावी आला आणि परत गेला नाही. आता विट्यात अभ्यासिका चालवतो आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी विचारतो, किती वर्षं देणार आहेस, कागदावर लिही. तो कागद जपून ठेवतो. मला वाटतं, परीक्षा पास झालेल्याच्या नोंदीइतकीच ही नोंद पोरांच्या उपयोगाची आहे, किंबहुना जास्त.

मुलींना शोधणं हे वेगळंच काम होतं. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, फेसबुकवर सासरचं, कधी पहिलं नावही बदललेलं. नंबर तर लग्नानंतर हमखास बदलतो. कुणाच्या आईचा नंबर कॉलेजच्या काळातल्या डायरीत सापडला, कुणाच्या गावच्या दुकानात फोन लावून भावापर्यंत पोचले. निपाणीची मैत्रीण तिच्या धाकट्या बहिणीमुळं सापडली. ती बेळगावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत केमिस्ट्री शिकवते आणि घरी पोरांकडून हट्टानं मराठी वाचून घेते. काही घरांत फोन आधी नवऱ्यानं घेतला आणि कोण, कशासाठी, हे दोनदा सांगावं लागलं. पुस्तिकेत आम्ही प्रत्येकीची दोन्ही नावं छापली आहेत, गुणपत्रिकेवरचं आधी. हा माझा आग्रह होता. तिच्यासोबत शिकलेल्या माणसानं ती यादी उघडली तर त्याला ती सापडली पाहिजे.

ज्यांनी नको म्हटलं त्यांना नको. दोघांनी सांगितलं, आमचं नाव तेवढं असू दे, बाकी काही नको. तेवढंच आहे. आमच्यातला एकजण २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेला. तो पाणी तपासणी प्रयोगशाळेत होता, गावोगावच्या विहिरींचे नमुने तपासायचा. त्याची नोंद त्याच्या बायकोनं सांगितली आणि मी लिहून घेतली. त्यात तिनं फ्लोराइड, नायट्रेट हे शब्द अचूक सांगितले, कारण तो जेवताना रोज त्याबद्दल बोलायचा.

वार्षिक उत्पन्नाचा रकाना पुस्तिकेत नाही. त्याऐवजी पहिला पगार आणि तो वाढायला किती वर्षं लागली, हे ज्यांनी दिलं त्यांचं आहे. नंबरही कुणाचे छापले नाहीत. फोन करून विचारायला ज्यांची हरकत नाही त्यांच्या नोंदीखाली तसं लिहिलंय आणि नंबर अधिविभागात ठेवलेत.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या दिवशी पुस्तिका एम.एस्सी. भाग एक आणि दोनच्या पोरांना वाटली. भाषणं झाली ती नेहमीसारखी झाली. जेवणाच्या वेळी मात्र मी पाहिलं, कागलच्या मित्राभोवती आठ-दहा पोरं ताटं घेऊन उभी होती. स्पेक्ट्रोसाठी वेगळा कोर्स लागतो का, मुलींना लॅबमध्ये घेतात का, रात्रपाळी किती वर्षं. तो माणूस, जो वर्गात दोन वर्षांत चार वाक्यं बोलला असेल, तो पाऊण तास बोलत होता आणि त्याचं जेवण गार झालं. पुढच्या महिन्यात त्यानं मालकांची परवानगी काढून पोरांना लॅब दाखवली. त्यातली हातकणंगलेची एक मुलगी यंदा उन्हाळ्यात तिथंच प्रोजेक्ट करते आहे. आजऱ्याच्या मैत्रिणीलाही दोन मुलींचे फोन आले. ओव्हन कुठल्या कंपनीचा, हे विचारायला.

२००९ च्या बॅचचं काम आता एका ज्युनिअरनं घेतलंय. ती मला ताई म्हणते आणि रोज काहीतरी विचारते. प्रश्नांचा कागद तिला दिलाय. शिवाय एवढं सांगितलंय की संसारातल्या बायकांना फोन संध्याकाळी करायचा नाही, दुपारी अडीच ते चारमध्ये करायचा, आणि कंपनीतल्यांना कामाची पाळी कुठली ते विचारून. पहिल्या फोनला लिहून घ्यायला बसायचं नाही. गावी असतील तर जाऊन भेटायचं, एस.टी.चं तिकीट आम्ही वर्गणीतून देऊ. साताऱ्याकडच्या, विशेषतः पाटण आणि माणच्या, मुलींचे पत्ते तिला मिळेनात. त्या भागातल्या कुणी हे वाचलं आणि २००९ ची रसायनशास्त्राची कुणी ओळखीची असेल, तर तिला एवढं सांगा की अधिविभागात एक फोन कर.